काम सुटले तरी मुलांची लस सुटू देऊ नका

नाक्यावर काम मिळेनासे झाले, कंपनीने कंत्राटी कामगार कमी केले, धुण्याभांड्याची दोन घरे सुटली, की घरखर्चाला कात्री लागते. घरभाडे, वीजबिल, गटाचा हप्ता टळत नाही. मागणारा दारात उभा असतो. मुलाच्या अंड्यासाठी किंवा लसीसाठी तगादा लावायला मात्र कुणी येत नाही. म्हणून कात्री आधी तिथेच लागते.

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला हा क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. आधी दूध, अंडी, डाळ कमी होते. मग लस आणि तपासणी पुढच्या महिन्यावर जाते. शेवटी आजारी मुलाला दोन-तीन दिवस मेडिकलमधल्या गोळीवरच ठेवले जाते. मुलगी असेल तर आणखी एक दिवस.

याची किंमत नंतर मोजावी लागते. २०२० च्या टाळेबंदीत रोजगार बुडाले आणि नियमित लसीकरणही विस्कळीत झाले. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवरची साथ आली, मुले दगावली. बाधितांपैकी अनेकांना लस मिळालेली नव्हती. सरकारी लस मोफत असते, पण मजुरी बुडवून रांगेत उभ्या राहणाऱ्या आईचा दिवस मोफत नसतो. अडचण तिथे आहे.

म्हणून हात आखडता असताना एवढे सांभाळा:

१. लस : गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत द्यायचा असतो. तारीख चुकली तरी कार्ड घेऊन जा. राहिलेले डोस घेता येतात. वस्तीतले सत्र कधी आहे, ते आशाताईंना विचारा.

२. आहार : सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतून पोषण आहार मिळतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर मोजून घ्या. तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण आहे.

३. जुलाब : ओआरएसचे पाणी आणि १४ दिवस झिंक द्या. जुलाब थांबले तरी झिंक बंद करू नका. अंगावरचे दूध चालूच ठेवा.

४. धोक्याची लक्षणे : धाप लागणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, काहीच न पिणे, झटके, गुंगी. असे दिसताच १०८ ला फोन करा. पैशांची सोय होईपर्यंत थांबू नका. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

तिथे बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात दिली, तर एकटीने परत फिरू नका. चारचौघी मिळून वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी विचारा. लसीकरणाचे सत्र कामावरून परतायच्या वेळी ठेवा, अशी मागणीही त्याच अर्जात करा. एकीची मजुरी बुडते तेव्हा ती घरातली अडचण वाटते. पन्नास जणींच्या सह्या झाल्या की तिची नोंद घ्यावी लागते.