महापालिकेच्या वर्गातून विद्यापीठाकडे

“शिक्षक होऊन पुढे काय?” बारावीनंतर मुलाने किंवा मुलीने अध्यापनाचा विषय काढला, की घरात हा प्रश्न येतोच. पालकांची काळजी रास्त आहे. म्हणून वाट नीट समजून घ्या.

आधी इयत्ता ठरवा
पहिली ते पाचवीला शिकवायचे असेल, तर बारावीनंतर दोन वर्षांचे डी.एल.एड. करा. 11 ऑगस्ट 2023च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर या वर्गांसाठी बी.एड. चालत नाही. सहावी ते दहावीच्या वर्गांसाठी पदवी आणि बी.एड. हा सरळ मार्ग आहे. पहिली ते आठवीसाठी टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा अनिवार्य आहे. 150 गुणांच्या या परीक्षेत खुल्या प्रवर्गाला 90 गुण लागतात.

भरतीचे वास्तव
महापालिका शाळांतील भरतीसाठी टेट ही 200 गुणांची अभियोग्यता चाचणी द्यावी लागते आणि निवड पवित्र पोर्टलवरून होते. टेट 2017 नंतर थेट 2023मध्ये झाली, मग 2025मध्ये. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. प्राथमिकला ते महिना 16,000 रुपये आहे. घराचे हप्ते, लग्न यांचा हिशेब हे धरूनच करा.

प्रतीक्षेचा काळ वाया घालवू नका
पुढे महाविद्यालयात किंवा विद्यापीठात शिकवायचे असेल, तर भरतीची वाट पाहण्याच्या वर्षांत एम.ए. किंवा एम.एस्सी. आणि एम.एड. पूर्ण करा, सेट किंवा नेट ही पात्रता परीक्षा द्या. पदव्युत्तर परीक्षेत खुल्या प्रवर्गाला किमान 55 टक्के गुण हवेत. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. कायम सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होते. मात्र अनेकांना आधी तासिका तत्त्वावर शिकवावे लागते, तेव्हा हातची कायम नोकरी घाईने सोडू नका.

वर्गातला अनुभव हीच पुंजी
मुंबई महापालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते. तिथे घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी बोलणारी मुले येतात. आईवडिलांचे काम बदलले, की काहींची शाळा मध्येच सुटते. अशा मुलांना वाचते करणारा शिक्षक उद्या बी.एड.च्या विद्यार्थ्यांसमोर उभा राहिला, तर त्याच्या शब्दाला वजन असते. भावी शिक्षक घडवणाऱ्याने आधी मुले घडवलेली असावीत, असे मला मनापासून वाटते.

पालकांनो, अर्ज भरण्याआधी मुलाला सुट्टीत वस्तीतल्या एखाद्या अभ्यासिकेत शिकवू द्या. तेच गणित पाचव्यांदा समजावताना त्याचा उत्साह टिकला, तर त्याला अडवू नका.