औषधी वनस्पती, काचेची बाटली आणि बारावीनंतरची वाट

सफेद मुसळी लावणाऱ्या शेतकऱ्यापुढे दर हंगामात एक पेच असतो. जी मुळं बाजारात विकायची, त्यांतूनच पुढच्या वर्षीचं बेणंही राखायचं. मुसळीचं बी फार कमी उगवतं. म्हणून मुळांचा घड फोडून, डोळ्याचा तुकडा शाबूत असलेलं एकेक बोट लावावं लागतं. लागवड वाढवायची तर विक्री घटवावी लागते, आणि रानातून उपटून आणायची तर रान ओकं होतं. हा पेच सोडवणारं काम टिश्यू कल्चरच्या, म्हणजे ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत होतं. ज्यांना झाडांची ओढ आहे आणि हातात चिकाटी आहे, अशा मुलामुलींसाठी तिथे खरोखर जागा आहे.

काम दिसतं कसं? इनॉक्युलेशन रूममध्ये लॅमिनार फ्लोसमोर माणूस बसलेला असतो. तोंडाला मास्क, केस टोपीत, हात अल्कोहोलने पुसलेले. गाळलेल्या हवेचा झोत सतत समोरून येत असतो. स्काल्पेल तापवायचं, गार होऊ द्यायचं, चिमट्याने बाटलीतला कोंबांचा झुपका बाहेर काढायचा, कोंब अलगद सुटे करायचे, नव्या बाटलीतल्या मीडियात, म्हणजे पोषक माध्यमात, उभे खोचायचे, झाकण लावायचं, तारीख घालायची. मग पुढची बाटली. हे तासन्‌तास चालतं. बोलता बोलता हात झोताच्या आड गेला, तरी चार दिवसांनी त्या बाटलीत बुरशीचा पांढरा कापूस दिसू शकतो.

मीडियाचं सूत्र मात्र जुनं आणि सुटसुटीत आहे. तंबाखूवर काम करताना मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेलं क्षारांचं मिश्रण आजही जगभर वापरलं जातं. त्यात बहुधा लिटरला ३० ग्रॅम साखर आणि घट्टपणासाठी अगार घालतात, सामू ५.८ च्या आसपास ठेवतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक करतात. संप्रेरकांपैकी सायटोकायनिनचं प्रमाण जास्त ठेवलं की कोंब फुटतात, ऑक्झिनचं जास्त ठेवलं की मुळं. हे स्कूग आणि मिलर यांनी १९५७ मध्येच दाखवून दिलं होतं. एका कोंबाचे दर चार आठवड्यांनी तीन झाले, तर कागदावर दहा फेऱ्यांत ५९ हजारांवर कोंब होतात. प्रत्यक्षात इतक्या फेऱ्या बिनधास्त करता येत नाहीत. फेऱ्या वाढतात तशी रोपांत जनुकीय फरक शिरण्याची शक्यता वाढते, आणि औषधी वनस्पतीत तसा फरक म्हणजे औषधी द्रव्याचीच खात्री गेली.

इथेच हे क्षेत्र केळीच्या टिश्यू कल्चरपासून वेगळं होतं. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाचं उदाहरण घ्या. कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वॉल आणि वाणी यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून वेगळं केलं. भारतातल्या नरक्यातही ते असल्याचं १९७२ मध्ये समोर आलं. टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधं याच द्रव्यापासून बनतात. मागणी वाढली आणि घाटातल्या नरक्यावर कुऱ्हाड पडली. त्यात प्रत्येक झाडातलं द्रव्याचं प्रमाण सारखं नसतं. म्हणून आधी उत्तम झाड शोधायचं, त्यातलं द्रव्य एचपीएलसी यंत्रावर मोजायचं आणि मग त्याची हुबेहूब रोपं करायची. शिवाय रानातल्या झाडाचा तुकडा सहजी निर्जंतुक होत नाही, आणि लाकडी झाडांत कापल्या जागेतून द्रव्यं पाझरून मीडिया काळा पडतो, तो त्रास वेगळाच. ज्याला वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन्ही आवडतात, त्याच्यासाठी याहून रंजक काम क्वचितच सापडेल.

पुण्याला या विद्येची जुनी परंपरा आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या गटाने १९७८ मध्ये हळदीची रोपं या पद्धतीने झपाट्याने वाढवण्याचं काम प्रसिद्ध केलं. १९९० मध्ये तिथेच, अनेक दशकांनी फुलणारा बांबू काही महिन्यांत बाटलीत फुलला आणि ती बातमी ‘नेचर’मध्ये छापून आली.

आता पालकांचा प्रश्न: नोकरीचं काय? राज्यातल्या व्यापारी प्रयोगशाळांचा मोठा आधार केळी आहे. ऊस, डाळिंब आणि फुलझाडंही आहेत. निव्वळ औषधी वनस्पतींवर चालणाऱ्या प्रयोगशाळा थोड्या. म्हणून पहिली नोकरी केळीच्या प्रयोगशाळेत मिळाली तर मुलाने ती जरूर घ्यावी. हात तिथेच तयार होतो. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे घरात आधीच बोलून घेतलेलं बरं. पुढे उत्पादन, गुणवत्ता तपासणी, संशोधन किंवा स्वतःची रोपवाटिका अशा वाटा फुटतात. टिश्यू कल्चर रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय व्यवस्था २००६ पासून आहे. विषाणू आणि जनुकीय सारखेपणा तपासणाऱ्यांची गरज तीही निर्माण करते.

शिक्षणासाठी बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजी चालतं; कृषी पदवीसाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते आणि राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथली कृषी विद्यापीठं खुली होतात. पुढे एम.एस्सी.साठी गॅट-बी किंवा आयआयटी जॅम, संशोधनासाठी सीएसआयआर-नेट. लखनौची सीमॅप आणि गुजरातेत आणंदजवळचं औषधी व सुगंधी वनस्पती संशोधन संचालनालय या दोन संस्थांचं काम मुलांनी आधीपासून वाचत राहावं.

प्रमाणपत्राचे छोटे अभ्यासक्रम जागोजागी निघाले आहेत. फी भरण्याआधी पालकांनी मुलाला घेऊन प्रयोगशाळा पाहून यावी आणि सरळ विचारावं: विद्यार्थी स्वतःच्या हाताने किती बाटल्या भरतो? दर महिन्याला किती बाटल्या खराब होतात, त्याची वही दाखवाल का? निर्जंतुकीकरणाला मर्क्युरिक क्लोराइड वापरत असाल, तर त्या विषारी पाण्याची विल्हेवाट कशी लावता? आणि हार्डनिंगची, म्हणजे रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावण्याची, शेडनेट कुठे आहे? बाटलीतल्या रोपाच्या पानावर मेणाचा थर पातळ असतो, बाहेरच्या हवेत ते तासाभरात मान टाकतं. अगार धुऊन, कोकोपीटमध्ये लावून, ओलावा हळूहळू कमी करत त्याला जगवणं ही निम्मी विद्या आहे. जिथे शेडनेटच नाही, तिथे ही निम्मी विद्या शिकायला मिळणार नाही.