संगणकीय पेढीची ठराववही

बडोद्याच्या मांडवी-रावपुऱ्यातील जुन्या पेढीत दोन प्रकारचे दप्तर असे. एक रोजकीर्द व खतावणी. तिचे पूजन दिवाळीस होई. दुसरे म्हणजे शेठजींचे ठराव : कोणास किती उधारी द्यावी, कोणत्या मालावर किती सूट सोडावी, कोणाच्या सहीवाचून रोकड हलू नये. हे दुसरे दप्तर पुष्कळदा मुनीमजींच्या डोक्यातच असे, आणि मुनीमजी आजारी पडले की पेढी उघडी असूनही व्यवहार अडे.

आज आपल्या अनेक सभासदांचा व्यवहार पोर्टलवर चालतो. ग्राहक, दलाल, नोकर व पुरवठादार यांस एकाच दाराने आत घेऊन ज्याला त्याला त्याच्या अधिकारापुरते दाखविणारी संगणकीय पेढी म्हणजे पोर्टल. तिच्यातील प्रोग्रॅम हे मुनीमजींचे कसब होय. व्यवहारांच्या नोंदी ही खतावणी. आणि तज्ज्ञ ज्याला कॉन्फिगरेशन म्हणतात ती ठराववही. करांचे दर, बँकेचे क्रमांक, कोणास काय दिसावे याचे नियम, डेटाबेसचा पत्ता, हे सारे तिच्यात येते. ठराव बदलला म्हणून मुनीम बदलावा लागू नये, एवढ्यासाठीच ती प्रोग्रॅमपासून निराळी ठेवतात.

हे निराळेपण किती मोलाचे आहे, ते २२ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वांस कळून आले. त्या दिवशी जीएसटीचे दर बदलले. केसांचे तेल व साबण १८ टक्क्यांवरून ५ वर आले, वातानुकूलन यंत्रे २८ वरून १८ वर. ज्यांच्या पोर्टलमध्ये दर प्रोग्रॅमच्या पोटात लिहिलेला होता, त्यांस प्रोग्रॅमरची वाट पाहावी लागली. परंतु ज्यांनी जुना आकडा खोडून त्या जागी नवा घातला, तेही चुकले. १५ सप्टेंबरला १८ टक्क्यांनी विकलेले तेल ऑक्टोबरात परत आले, तर त्याची क्रेडिट नोट १८ टक्क्यांनीच निघावी लागते. म्हणून दर एकटा लिहावयाचा नसतो. तो कोणत्या तारखेपासून लागू व कोणत्या तारखेपर्यंत, हेही त्याच्याशेजारी लिहावयाचे. जुना दर पुसावयाचा नाही, त्याची मुदत संपवावयाची.

दुसरे उदाहरण आपल्या गावच्या बँकेचे. सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये स्थापिलेल्या बँक ऑफ बडोदामध्ये १ एप्रिल २०१९ रोजी विजया व देना या बँका विलीन झाल्या, आणि त्यांच्या शाखांचे जुने आयएफएससी क्रमांक १ मार्च २०२१ पासून बंद झाले. आमच्या पेढीत हा क्रमांक तीन ठिकाणी लिहिलेला होता. दोन ठिकाणी आम्ही बदलला; बिलाच्या छापील नमुन्यात तो तसाच राहिला, आणि ग्राहकांनी पाठविलेली रक्कम परत जाऊ लागली. दोष बँकेचा नव्हता, आमचा होता. (नवा क्रमांक उतरविताना आणखी एक गोष्ट : अकरा अक्षरांपैकी पाचवे शून्य असते, इंग्रजी ओ नव्हे.)

आता ही वही ठेवतात कोठे? काही भाग साध्या फाइलींत असतो. लाइफरे नावाच्या पोर्टलचे मूळ ठराव एका फाइलीत येतात, व तिला हात लावावयाचा नसतो. आपला बदल 'पोर्टल-एक्स्ट' या दुसऱ्या फाइलीत लिहिला की सर्व्हर त्याला अधिक मान देतो. त्यामुळे नवी आवृत्ती घेतली तरी आपले ठराव पुसले जात नाहीत. मात्र अशी फाइल सर्व्हर सुरू होताना वाचली जाते. बदल केला की तो बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. म्हणून वारंवार बदलणारे ठराव डेटाबेसमध्ये ठेवतात, तेथे ते पडद्यावरून बदलता येतात. मग सारेच तेथे का ठेवू नये? कारण डेटाबेसचा पत्ता डेटाबेसमध्येच ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच बंद करणे होय.

मोठ्या पेढ्यांत एकच पोर्टल अनेक यंत्रांवर चालते. आयबीएमच्या वेबस्फियर पद्धतीत वहीची मुख्य प्रत एका व्यवस्थापक यंत्रापाशी असते, आणि प्रत्येक यंत्रावरील हस्तक ठरावीक अंतराने, मुळात दर मिनिटाला, आपली प्रत तिच्याशी ताडून पाहतो. एखाद्या उत्साही कारकुनाने एकाच यंत्रावरील प्रत हाताने दुरुस्त केली, तर सकाळी एका ग्राहकास एक भाव व दुपारी दुसऱ्यास दुसरा, असा प्रकार होतो. आणि पुढे मुख्य प्रत बदलली की त्याची दुरुस्तीही पुसली जाते. बदल मुख्य प्रतीतच करावा, आणि कोणी, केव्हा, कशासाठी केला ते लिहून ठेवावे. आपल्या वाडवडिलांनी कीर्दीतली ओळ कधी खरडून काढली नाही. येथेही तीच शिस्त हवी.

पासवर्डांविषयी आम्ही कडक आहोत. ते उघड्या फाइलीत नसावेत. ठरावांची फाइल दुरुस्तीसाठी बाहेरच्या माणसाकडे सहज पाठविली जाते, आणि तिच्याबरोबर किल्लीही जाते. किल्ल्यांस निराळी पेटी असावी.

डेटाबेसची प्रत रोज निघते, असे सर्व सांगतात. कॉन्फिगरेशनच्या फाइलींची निघते काय, हे सभासदांनी आपल्या माणसास विचारावे. आमच्याकडे ती निघत नव्हती. यंत्र बंद पडले तेव्हा खतावणी तासाभरात परत आली. पोर्टल उघडावयास तीन दिवस लागले, कारण बँकेच्या जोडणीची व बिलाच्या छपाईची मांडणी ज्या गृहस्थांनी केली होती, ते वर्षापूर्वीच नोकरी सोडून गेले होते.