मूळ पुरुषाचा शोध : मॉरिशसच्या वह्या आणि आमच्या घरची वही

इतिहासाच्या तासाला सरांनी विचारले, "पणजोबांच्या वडिलांचे नाव किती जणांना सांगता येईल?" एकही हात वर झाला नाही. मॉरिशसमधल्या अनेक मराठी कुटुंबांना मात्र तिथे प्रथम उतरलेला पूर्वज कागदावर सापडतो, असे सर म्हणाले. मला नवल वाटले. घर सोडून समुद्रापार गेलेल्यांना ठाऊक, आणि तारळी-कृष्णेच्या संगमावर उंब्रजलाच राहिलेल्या आम्हांला नाही!

मॉरिशसवर तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. १८३५ साली तिथली गुलामगिरी कायद्याने संपली, पण उसाच्या मळ्यांना माणसे तर हवीच होती. म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून कराराने मजूर नेऊ लागले. पुढे साडेचार लाखांच्या आसपास माणसे गेली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून. मुंबईहून गेलेले थोडे. त्या थोड्यांत रत्नागिरी, सातारा भागातले आपले लोक होते. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरत, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे.

तिथे प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. वहीत नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जहाज, मळा असे सारे उतरवून घेत. १८६० नंतरच्या दशकात छायाचित्रेही काढू लागले. हे वंशजांच्या सोयीसाठी नव्हते हो! पळालेला मजूर ओळखता यावा, हा हेतू. आज त्या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत आणि पणतू-खापरपणतू तिथे जाऊन क्रमांक शोधतात. अडचणीही आहेत. साहेबाच्या कारकुनाने कानाला पडेल तसे लिहिले, त्यामुळे गावाचे नाव ओळखू येत नाही. आडनाव तर बहुधा गेलेच. गणू नावाचा मजूर असेल तर पुढच्या पिढ्यांचे आडनावच गणू.

आता आमचे घर. आजोबांना चार नावे पाठ, त्यापुढे "हेळव्याला विचार." सुगीनंतर बेळगाव भागातून हेळवी येतात, त्यांच्याजवळ घराण्यांच्या वह्या असतात. दोन वर्षांपूर्वी आमचे हेळवी आले. ओट्यावर बसून त्यांनी मूळ पुरुष कुठून आला, कोणाला किती मुलगे, हे धडाधड वाचले. नऊ पिढ्या निघाल्या. आजोबांचे डोळे भरून आले. धान्य, पैसे देऊन धाकट्या भावाचे नाव वहीत चढवले. मी विचारले, "माझं?" ते हसून म्हणाले, "पोरी, तुझं सासरच्या वहीत." तिथे तरी लागेल का, हे मी विचारले नाही. नऊ पिढ्यांत एकाही बाईचे नाव मी ऐकले नव्हते.

मॉरिशसच्या वहीत मजूर बाईलाही स्वतःचा क्रमांक आणि नाव असे. ती वही गोऱ्यांच्या स्वार्थाची, हे खरे. तरी त्या बाईची पणती तिला शोधू शकते.

त्या रात्री मी आजीजवळ वही घेऊन बसले. आजीने आपल्या आईचे नाव सांगितले, माहेर सांगितले. आजीच्या आजीचे नाव मात्र तिला आठवेना. सगळे तिला 'मोठी आई' म्हणत, एवढेच. मी तेच लिहून घेतले.