एक दुर्मिळ ताप

आमच्या जुन्नर व आंबेगांव तालुक्यांच्या पश्चिमेस, नाणेघाट व भीमाशंकराच्या बाजूस, आषाढ-श्रावणांत कित्येक दिवस ऊन पडत नाहीं. अशा वेळीं मासिक पाळीचीं कापडें लाजेनें अंधाऱ्या कोपऱ्यांत दडविलीं जातात व ओलसरच वापरलीं जातात. हा विषय वार्षिकांत घ्यावा कीं नाहीं, असा आम्हांस प्रथम संकोच वाटला. परंतु ज्या दुखण्यानें जीव जाऊं शकतो तें लाजेखातर झांकून ठेवणें योग्य वाटेना.

'टॉक्सिक शॉक सिंड्रोम' हें त्याचें नांव. १९७८ सालीं अमेरिकेंतील डॉ. जेम्स टॉड ह्यांनीं तें दिलें. त्यांच्या सात रोग्यांत मुलगेही होते, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें. जखमेंतून किंवा भाजल्यानेंही हा रोग होतो. १९८० सालीं मात्र तेथील अनेक तरुण स्त्रिया पाळीच्या दिवसांत एकाएकीं आजारी पडल्या. बहुतेक जणी शरीराच्या आंत ठेवावयाचा बोळा, म्हणजे टॅम्पॉन, वापरीत असत. 'रिलाय' नांवाचा अतिशोषक टॅम्पॉन त्याच वर्षीं सप्टेंबरांत बाजारांतून काढून घेण्यांत आला.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतु पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकांत व त्वचेवर असतो. त्याच्या कांहीं जाती विष निर्माण करितात. तें विष रक्तांत उतरलें कीं एकदम मोठा ताप, ओकाऱ्या, जुलाब, उन्हानें भाजल्यासारखी लाली, चक्कर व ग्लानि येते, रक्तदाब घसरतो. पुढें आठ-पंधरा दिवसांनीं तळहात-तळपायांची सालें निघतात. बहुतेक प्रौढांच्या रक्तांत ह्या विषाचें प्रतिद्रव्य असतें; किशोरींत तें पुष्कळदां नसतें.

बाहेरून वापरावयाच्या कापडानें वा पॅडनें हा रोग सहसा होत नाहीं. उगाच भिऊं नये. ओल्या कापडानें खाज, पुरळ व इतर संसर्ग होतात, ती गोष्ट निराळी. आतां टॅम्पॉन व कप आपल्याकडेही मिळतात. कपानेंही क्वचित् हा रोग झाला आहे. टॅम्पॉन चार ते आठ तासांत बदलावा, जरुरीपुरत्याच शोषकतेचा घ्यावा व हात आधीं धुवावे.

पावसाळ्यांत आमच्याकडे कोणताही ताप 'हवापालटाचा' ठरतो! पाळींत असा ताप येतांच आंतील वस्तु काढून टाकावी, रुग्णालय गांठावें आणि काय वापरलें होतें तें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें. हें आईनें मुलीस आधींच सांगून ठेवावें. कापड वापरणारींनीं तें साबणानें धुऊन उन्हांत, व ऊन नसल्यास चुलीच्या उबेवर पुरतें कोरडें करून वर गरम इस्त्री फिरवावी.