पसरू लागलेला कर्करोग आणि लक्ष्यवेधी किरणोपचार

‘कर्करोग पसरला आहे’ हे शब्द कानी पडताच कुटुंबाचा धीर सुटतो आणि पुढील उपचार व्यर्थ आहेत, असा समज होतो. प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत तो खरा नसतो. देणगीदार व रुग्णांचे आप्तेष्ट यांच्या माहितीसाठी हा विषय येथे थोडक्यात मांडत आहोत.

काही रुग्णांत रोग मूळ जागेहून निघून फुफ्फुस, यकृत किंवा हाडे अशा मोजक्या ठिकाणीच पोहोचलेला असतो. अशा गाठी बहुधा पाचांहून अधिक नसतात. या मधल्या अवस्थेकडे शिकागो विद्यापीठातील डॉ. हेलमन व डॉ. वाइक्सेलबाउम यांनी १९९५ मध्ये लक्ष वेधले.

नेहमीच्या किरणोपचारात दररोज सुमारे २ ग्रे एवढी मात्रा कित्येक आठवडे दिली जाते. स्टिरिओटॅक्टिक पद्धतीत मोठी मात्रा थोड्याच बैठकांत देतात. उदाहरणार्थ, फुफ्फुसातील गाठीस पाच बैठकांत ५० ग्रे. अनेक दिशांनी आलेले किरण गाठीवर एकवटतात व भोवतालच्या निरोगी भागास कमी झळ पोहोचते. श्वासाबरोबर गाठ हलते, म्हणून त्या हालचालीचेही आधी मोजमाप करावे लागते.

कॅनडासह काही देशांत ९९ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे दीर्घकालीन निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर हयात असण्याचे प्रमाण केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत १७.७ टक्के, तर त्यांच्या जोडीने हे किरणोपचार घेणाऱ्यांत ४२.३ टक्के आढळले. मात्र किरणोपचार घेणाऱ्या गटातील ६६ पैकी तिघांचा मृत्यू उपचारांशी निगडित होता. स्तनाच्या कर्करोगावरील, २०२२ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत तर असा लाभ दिसला नाही. म्हणून हा उपचार सरसकट सर्वांसाठी नव्हे.

गाठी किती व कोठे आहेत, मूळ रोग आटोक्यात आहे काय, औषधोपचार चालू ठेवावा काय आणि धोका कोणता, हे प्रश्न नातेवाइकांनी तज्ज्ञांस अवश्य विचारावेत.

रत्नागिरीहून उपचारासाठी मुंबईस जाणाऱ्या कर्करोगग्रस्तांस विहित प्रमाणपत्रावर रेल्वेच्या शयनयान वर्गात पूर्ण व सोबत्यास ७५ टक्के भाडेसवलत मिळते. तथापि मुंबईतील निवास, भोजन व बुडालेली मजुरी यांचा भार कुटुंबावरच पडतो. योग्य रुग्ण केवळ या खर्चापायी उपचारास मुकू नये, यासाठी दात्यांचे साहाय्य मोलाचे आहे.