अंडे गावरान घ्यावे की पोल्ट्रीचे?

"डॉक्टर, पोराला गावरानच अंडे देते, पण महाग पडते, म्हणून आठवड्यातून एकच." असे सांगणाऱ्या आया दवाखान्यात वारंवार भेटतात. गावरान अंड्याला पोल्ट्रीच्या अंड्याच्या दुप्पट भाव सहज पडतो, तरी मागणी वाढतेच आहे.

पांढऱ्या अंड्याला आपण सर्रास 'बॉयलरचे अंडे' म्हणतो. वास्तविक ब्रॉयलर कोंबडी मांसासाठी वाढवतात. अंड्यांसाठी पिंजऱ्यात ठेवतात ती लेअर. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, त्याचा पोषणाशी संबंध नाही. बलकाचा रंग खाद्यावर अवलंबून असतो. परसात हिंडणारी कोंबडी हिरवा पाला खाते म्हणून बलक गडद होतो. पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांची पूड मिसळली तरी तोच रंग येतो. उन्हात चरणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात 'ड' जीवनसत्त्व काहीसे अधिक असू शकते, हे खरे. प्रथिनांचा दर्जा मात्र दोन्हींत सारखाच. उलट गावरान अंडे लहान, साधारण ४० ग्रॅमचे. पोल्ट्रीचे ५० ते ५५ ग्रॅमचे आणि त्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने. तेव्हा एका गावरान अंड्याच्या पैशात पोल्ट्रीची दोन येत असतील, तर वाढत्या मुलासाठी आणि गरोदर बाईसाठी मी दोनच घ्यायला सांगेन.

शिवाय तपकिरी दिसले की गावरान, असेही नाही. गिरिराज, वनराज या सुधारित जातींची अंडीही तपकिरी असतात, आणि पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून विकणारे महाभागही आहेत!

पिंजऱ्यात कोंबडीला पंख पसरायलाही जागा नसते. तिची कणव येऊन कोणी मोकळ्या कोंबडीचे अंडे घेत असेल, तर ते कारण मला पटते. पण ते कोंबडीच्या भल्याचे झाले. आपल्या प्रकृतीचा हिशेब वेगळा.

गावरान म्हणून ते कच्चे दुधात फेटून पिणे, ही तालमीतली सवय मात्र सोडावी. साल्मोनेला हा जंतू मोकळ्या कोंबडीच्या अंड्यातही असू शकतो. त्याने जुलाब, उलट्या, ताप येतो आणि लहान मूल त्यात पार गळून जाते. कच्च्या अंड्यातील प्रथिने अंगीही कमीच लागतात. पाण्याला उकळी आल्यावर दहा मिनिटे अंडे उकडावे, बलक घट्ट झाला पाहिजे. विष्ठा लागलेले अंडे वापरण्याच्या वेळीच धुवावे, धुऊन साठवू नये. तडा गेलेले किंवा पाण्यात तरंगणारे टाकून द्यावे, मग ते कोणत्याही कोंबडीचे असो.